मोल्टनचें लहानसें प्रार्थनामंदिर

देवालयें पाहण्याचा नाद मला लहानपणापासून आहे. वडिलांचें बोट धरून मीं वाईचे घाट पाहिले. पुढें नोकरींत असतां दर उन्हाळ्याच्या सुटींत एखादें तरी जुनें देऊळ पाहून येण्याचा परिपाठ ठेवला. हेमाडपंती खांब, गाभाऱ्यांतला थंडगार काळोख, पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनीं गुळगुळीत झालेला उंबरठा, हें सर्व मिळून देऊळ होतें, अशी माझी समजूत. ज्याला शिखर नाहीं, गाभारा नाहीं, मूर्ति नाहीं, घंटा नाहीं, अशा एखाद्या वास्तूला मी देवाचें घर म्हणेन आणि तिच्याविषयीं चार पानें लिहावयास बसेन, असें कोणी पूर्वीं सांगितलें असतें, तर मीं तें हसून सोडून दिलें असतें. परंतु गेल्या उन्हाळ्यांत अशी एक वास्तु पाहण्याचा योग आला आणि तेव्हांपासून ती मनांतून जात नाहीं.

ही वास्तु म्हणजे इंग्लंडांतील मोल्टन या गांवचें बॅप्टिस्ट पंथाचें प्रार्थनामंदिर. तिकडे त्याला ‘चॅपेल’ म्हणतात. त्याला लागूनच एक लहान घर आहे, आणि त्या घराशीं चामडें भिजत घालण्याची एक दगडी कुंडी आहे. देवाच्या घराशेजारीं चामड्याची कुंडी! आपल्याकडे कोणी अशी जोडणी स्वप्नांतही केली नसती. त्या कुंडीचा आणि माझ्या तीस-पस्तीस वर्षांच्या संस्कृत शिकविण्याचा कांहीं संबंध असेल, हें तर माझ्या ध्यानीमनींही नव्हतें. तो संबंध कसा निघाला तेंच येथें सांगावयाचें आहे.

माझे धाकटे चिरंजीव नोकरीनिमित्त नॉर्थॅम्प्टन शहरीं राहतात. त्यांच्या आग्रहास्तव आम्ही उभयतां दोन महिने तेथें जाऊन राहिलों. आपल्याकडे कोल्हापूर म्हटलें कीं वहाणा आठवतात, तसें त्या देशांत नॉर्थॅम्प्टन म्हटलें कीं बूट आठवतात. १६४२ सालीं तेथील मोच्यांना सैन्यासाठीं चार हजार जोड जोडे आणि सहाशें जोड उंच बूट करून देण्याचें काम मिळालें होतें, इतका तो धंदा जुना आहे. शहरांत फुटबॉल खेळणारा १८९७ सालापासूनचा एक संघ आहे. त्याचें लाडकें नांव ‘कॉब्लर्स’, म्हणजे जोडे शिवणारे मोची. मैदानावर हजारों माणसें जमतात आणि तेंच नांव घेऊन आपल्या गड्यांना हुरूप देतात. हें ऐकून मला प्रथम मौज वाटली, आणि मग थोडें ओशाळल्यासारखें झालें. आमच्या गांवीं तोच शब्द भांडणांत शिवी म्हणून वापरलेला मीं ऐकला होता.

एका रविवारीं सकाळीं चिरंजीव म्हणाले, “बाबा, येथून चार-पांच मैलांवर तुमच्या कामाचें एक ठिकाण आहे. विल्यम केरीचें मोल्टन.” केरीचें नांव ऐकतांच मी उठून बसलों. मराठी भाषेच्या इतिहासाचीं पानें ज्यानें उलटलीं आहेत, त्याला तें नांव ठाऊक असतेंच. परंतु तें मी आजवर बंगालशीं जोडीत आलों होतों. इंग्लंडांतील एखाद्या खेड्याशीं त्याचें नातें असेल, याचा विचारच कधीं केला नव्हता.

मोल्टन हें आतां शहराच्या अगदीं जवळ आलेलें, तरी गांवपण टिकवून असलेलें ठिकाण आहे. त्या भागांतला दगड लोहाच्या अंशामुळें तपकिरी, मधासारखा दिसतो. जुन्या भिंती त्याच दगडाच्या. चॅपेल शोधीत असतां आम्ही एकदां त्याच्यासमोरून पुढें निघून गेलों, कारण त्याच्याकडे पाहून हें देवाचें घर असेल असें वाटेना. उंच मनोरा नाहीं, कमानींचा थाट नाहीं. रस्त्याच्या कडेला आपल्या शेजाऱ्यांच्या ओळींत निमूटपणें उभें असलेलें तें एक घर. 

हा साधेपणा केवळ गरिबीचा नव्हे. त्याच्यामागें एक इतिहास आहे, आणि तो थोडक्यांत सांगितल्यावांचून त्या वास्तूचें सौंदर्य कळणार नाहीं. इंग्लंडांत राजा हाच धर्मपीठाचाही प्रमुख होता. मूल जन्मास आलें कीं गांवच्या चर्चमध्यें त्याच्या मस्तकावर पाणी घालीत, आणि तें राजाच्या प्रजेंत व चर्चच्या नोंदवहींत जणूं एकदमच दाखल होई. कांहीं लोकांना हें पटेना. त्यांचें म्हणणें असें कीं, धर्म ही जन्मानें मिळणारी मिळकत नव्हे; ज्याची समज आणि श्रद्धा जागी झाली आहे, त्यानेंच आपण होऊन दीक्षा घ्यावी. जॉन स्मिथ याच्या मागोमाग देशत्याग करून गेलेल्या अशा एका लहानशा मंडळीनें १६०९ च्या सुमारास अॅमस्टरडॅम येथें ही जाणत्या माणसांची दीक्षा सुरू केली. त्यांच्यापैकीं टॉमस हेल्विस १६१२ च्या सुमारास इंग्लंडांत परतला. राजाची सत्ता प्रजेच्या आत्म्यावर चालत नाहीं, असें त्यानें लिहिलें आणि तें पुस्तक खुद्द जेम्स राजाकडे पाठविलें! त्याचा शेवट तुरुंगांत झाला. पुढें या पंथांत मस्तकावर पाणी शिंपडण्याऐवजीं सबंध देह पाण्यांत बुडवून दीक्षा देण्याची रीत पडली. नदींत बुडी मारून नवा जन्म घेण्याची ही कल्पना तीर्थस्नान करणाऱ्या आपल्या लोकांना परकी वाटूं नये.

१६६४ सालीं तर असा कायदा झाला कीं, घरच्या मंडळींखेरीज पांचांहून अधिक माणसांनीं राजमान्य चर्चबाहेर उपासनेसाठीं एकत्र जमतां कामा नये. तेव्हां हे लोक कोठारांत, रानांत, कोणाच्या तरी माजघरांत जमूं लागले. डेव्हन परगण्यांत डॉर्सेटच्या सीमेजवळ रानाच्या कडेला असलेल्या अशा एका गवती छपराच्या मंदिराचें चित्र मीं पाहिलें आहे. एका परगण्याचे शिपाई आले तर दुसऱ्या परगण्याच्या हद्दींत असावें, म्हणून ती जागा निवडलेली. मोल्टनपासून फार दूर नसलेल्या बेडफर्ड गांवीं जॉन बन्यन हा भांडीं सांधणारा कारागीर उपदेश केल्याबद्दल बारा वर्षें तुरुंगांत राहिला. त्याचें यात्रेकरूचें रूपक हरि केशवजी यांनीं १८४१ सालीं ‘यात्रिकक्रमण’ या नांवानें मराठींत आणलें, हें जुन्या वाचकांस ठाऊक असेल. १६८९ च्या कायद्यानें अशा मंडळींना आपलीं मंदिरें बांधण्याची मोकळीक मिळाली. तरी सरकारी अधिकाराच्या जागा आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या पदव्या त्यांना पुढें शंभर वर्षांहून अधिक काळ बंदच राहिल्या. म्हणून या पंथांत मोची, कोष्टी, सुतार, लहान दुकानदार यांचाच भरणा असे, आणि तेच आपल्यांतून आपला उपदेशक निवडीत.

आंत गेलों तों प्रार्थना सुरू व्हावयाची होती. एका वृद्ध बाईंनीं हंसतमुखानें आम्हांला मागच्या बांकावर बसविलें आणि हातांत गीतांचें पुस्तक दिलें. मीं चहूंकडे दृष्टि फिरविली. लांकडी बांक, पुढें उपदेशकाची उंच जागा, आणि एक साधें मेज. मेजावर दीप नाहीं, मूर्ति नाहीं. आमच्या देवळांत डोळे आपोआप गाभाऱ्याकडे वळतात; येथें ते ग्रंथाकडे वळतात. अशा कित्येक मंदिरांत उपदेशकाच्या जागेपाशींच, फळ्यांखालीं, दीक्षेचें कुंड असतें. दीक्षेच्या दिवशीं फळ्या काढून तें भरतात, एरवीं लोक त्याच्याच कडेनें ये-जा करीत असतात. पवित्र म्हणून कोठें साखळी लावलेली नाहीं, सोंवळें-ओंवळें नाहीं. निर्गुणोपासना या शब्दाचा अर्थ मीं कित्येक वर्षें वर्गांत सांगितला. परंतु निर्गुणाला घर बांधावयाचें झाल्यास तें कसें असावें, याचा नमुना मीं तेथें पाहिला.

मग गाणें सुरू झालें. माणसें फार नव्हतीं. पण कोणी गायक आणि कोणी श्रोते असा भेद नव्हता. सारेच गात होते, कांहीं सुरांत, कांहीं बेसूर. आमच्या आळींतल्या एकादशीच्या भजनाची मला आठवण झाली. सौभाग्यवतींना इंग्रजी फारसें येत नाहीं, परंतु त्यांचें बोट मांडीवर ताल धरून होतें.

प्रार्थना संपल्यावर त्याच बाईंनीं चहा दिला, आणि केरीचें घर व ती कुंडी दाखविली.

विल्यम केरी याचा जन्म १७६१ सालचा, याच परगण्यांतील पॉलर्सपरी या खेड्यांतला. बाप कोष्टी, पुढें तो गांवच्या शाळेचा मास्तर झाला. मुलाला शेतकाम मानवेना म्हणून जोडे शिवावयास बसविलें. १७८३ सालीं नॉर्थॅम्प्टनच्या नेन नदींत त्यानें बुडी घेऊन दीक्षा घेतली, आणि १७८५ सालीं तो मोल्टनला आला तो पंतोजी म्हणून. शाळा चालविण्यांत त्याला यश आलें नाहीं. आपण मुलांना सांभाळीत नसून मुलेंच आपल्याला सांभाळीत होतीं, अशा अर्थाचें तो पुढें स्वतःच सांगे. हें ऐकून माझ्यासारख्या जुन्या मास्तराला हंसूं आलें, आणि त्या माणसाविषयीं एकदम जवळीक वाटली. १७८७ सालीं तो रीतसर या मंडळीचा उपदेशक झाला. मोडकळीस आलेलें प्रार्थनामंदिर त्याच्याच काळांत दुरुस्त करून वाढविण्यांत आलें. पुढच्या पिढ्यांनींही त्यांत फेरफार केले आहेत. मंडळी गरीब, वर्षाचें वेतन पंधरा-सोळा पौंडांच्या आसपास. तेवढ्यांत संसार चालेना, म्हणून रविवारीं उपदेश, दिवसा शाळा, आणि उरल्या वेळीं जोडे. कुंडींत चामडें भिजत घालावें, शिवलेले जोडे पोत्यांत घालून खांद्यावरून शहरीं न्यावे, आणि येतांना नवें चामडें आणावें, असा त्याचा क्रम होता.

आणि या सर्वांबरोबर विद्या! लॅटिन, ग्रीक, हिब्रू, फ्रेंच, डच या भाषा त्यानें कोणत्याही विद्यापीठाची पायरी न चढतां मिळविल्या. मुलांना भूगोल शिकविण्यासाठीं त्यानें चामड्याचे तुकडे शिवून पृथ्वीचा गोल केला, असें परंपरेनें सांगतात. कॅप्टन कुकच्या सफरींचीं वर्णनें वाचून त्याला दूरदूरच्या देशांचें वेड लागलें. कागद जोडून केलेला जगाचा मोठा नकाशा त्यानें भिंतीवर लावला होता, आणि देशोदेशींची लोकसंख्या, धर्म, चालीरीति यांची माहिती त्यांत तो भरीत असे. हातांत आरी, आणि डोळ्यांसमोर नकाशा. केटरिंग गांवीं टॉमस गॉच म्हणून जोड्यांचा एक मोठा व्यापारी होता. तो केरीला काम देई. एके दिवशीं त्यानें विचारलें, जोड्यांवर आठवड्याला किती सुटतात? केरीनें आंकडा सांगितला. तेव्हां तो व्यापारी म्हणाला कीं, यापुढें माझें चामडें खराब करूं नकोस. मी आठवड्याला दहा शिलिंग देईन, तूं आपला अभ्यास कर. त्या दात्याची मला मोठी असूया वाटली. त्यानें एका गरीब कारागिराच्या हातांतली रापी सोडवून तेथें पुस्तक दिलें. मीं काय केलें तें पुढें सांगतों.

आम्ही कुंडीपाशीं उभे असतां सौभाग्यवतींनीं मला हळूच विचारलें, “अहो, हे सगळें त्यांचें झालें. पण त्यांच्या घरांतल्या बाईचें काय?” त्यांचा प्रश्न अगदीं योग्य होता. केरीची पत्नी डॉरथी. १७८१ सालीं लग्नाच्या नोंदवहींत तिनें सहीच्या जागीं फुली केली आहे, कारण तिला लिहितां येत नव्हतें. पहिली मुलगी लहानपणींच गेली. मोल्टनला आल्यावर याच संसारांत तिनें मुलगे वाढविले, आणि १७८७ सालीं पतीच्याच हातून दीक्षा घेतली. पुढें पतीच्या मनानें हिंदुस्थानास जाण्याचें घेतलें, तेव्हां ती प्रथम स्पष्ट ‘नाहीं’ म्हणाली. जहाजाला विलंब झाला, पुन्हां आर्जवें झालीं, आणि अखेर कांहीं आठवड्यांचें तान्हें मूल घेऊन ती निघाली. बंगालांत १७९४ सालीं तिचा पांच वर्षांचा पीटर तापानें गेला, आणि त्या धक्क्यानंतर तिचें मन जें बिघडलें तें अखेरपर्यंत. १८०७ सालीं ती वारली. नवऱ्याच्या ध्येयाचें मोल पुष्कळदां बायकोच देते. इतिहास मात्र पावती नवऱ्याच्या नांवें फाडतो. सौभाग्यवतींनीं शेजारच्या झुडपाचें एक फूल तोडूं का असें त्या बाईंना खुणेनें विचारलें, आणि तें घराच्या उंबऱ्यावर ठेवलें. मीं जन्मांत केलेल्या पुष्कळ पूजांपेक्षां मला ती पूजा खरी वाटली.

१७८९ सालीं केरी मोल्टन सोडून लेस्टरला गेला. ऑक्टोबर १७९२ मध्यें केटरिंग येथें एका विधवेच्या घरीं मूठभर उपदेशक जमले आणि परदेशीं धर्मप्रसार करण्यासाठीं त्यांनीं संस्था स्थापिली. त्या दिवशीं जमलेल्या वर्गणीच्या आश्वासनांची बेरीज तेरा पौंड, दोन शिलिंग, सहा पेन्स! १७९३ च्या जून महिन्यांत केरी एका डॅनिश जहाजावर चढला आणि नोव्हेंबरांत कलकत्त्यास उतरला. कंपनी सरकार मिशनऱ्यांस थारा देत नसे. म्हणून १८०० सालीं त्यानें हुगळीकांठच्या श्रीरामपुरास बस्तान बसविलें. हें श्रीरामपूर आपल्याकडचें नव्हे. तें बंगालचें, आणि तेव्हां डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यांतलें. तेथें त्यानें आणि मार्शमन, वॉर्ड या सहकाऱ्यांनीं छापखाना घातला. पंचानन कर्मकार आणि त्यांचा जांवई मनोहर यांच्यासारख्या कुशल बंगाली कारागिरांनीं त्यासाठीं लिपीमागून लिपीचे खिळे पाडले.

आतां माझ्या विषयाकडे येतों. मी मॅट्रिक होऊन पाठशाळेंत संस्कृत शिकलों आणि जन्मभर तेंच शिकविलें. माझा पहिला धडा नेहमीं हितोपदेशांतला असे. तो हितोपदेश नागरी लिपींत प्रथम छापला गेला तो श्रीरामपुरास, १८०४ सालीं. आणि नागरीत छापलेला पहिला संस्कृत ग्रंथ म्हणून त्याचीच गणना करतात. फोर्ट विल्यम कॉलेजांत केरी बंगाली आणि संस्कृत शिकवी, पुढें मराठीही शिकवूं लागला. १८०५ सालीं त्याचें मराठी भाषेचें व्याकरण निघालें. त्यापूर्वीं १७७८ सालीं रोम येथें पोर्तुगीज भाषेंत एक लहानसें मराठी व्याकरण छापलें होतें, परंतु इंग्रजींतून लिहिलेलें पहिलें तें केरीचें. १८१० सालीं मराठी शब्दांचा कोश निघाला, तोही मोडी अक्षरांत. १८१४ सालीं सिंहासनबत्तिशी आणि १८१५ सालीं हितोपदेश हीं मराठी पुस्तकें त्याच छापखान्यांतून बाहेर पडलीं. महाराष्ट्राच्या भूमीवर ज्यानें कधीं पाऊल ठेवलें नाहीं, त्या माणसाच्या हातून मराठी गद्याच्या छपाईची ही पायाभरणी झाली.

या गौरवांत दोन गोष्टी विसरतां कामा नयेत. एक अशी कीं, हें सारें काम वैजनाथ शर्मा या मराठी पंडितांच्या साहाय्यानें झालें. केरीची मराठी ठिकठिकाणीं अवघडलेली आहे; आणि जी सरळ आहे, तिच्यांत पंडितांचा हात किती, हें कोण सांगेल? मोल्टनला केरीच्या नांवाचें स्मारक आहे. वैजनाथ शर्म्यांचें स्मारक माझ्या तरी पाहण्यांत नाहीं. दुसरी अशी कीं, केरी आला तो आपल्या लोकांचें धर्मांतर करावयास. भाषेची सेवा हें त्याचें साधन होतें. तें साध्य मला मान्य नाहीं, आणि त्याच्या धर्माच्या चष्म्यांतून आमचा धर्म त्याला जसा दिसला तसा तो मला दिसत नाहीं. परंतु माणूस मोजावयाचा तो सगळा मोजावा. १८२९ च्या डिसेंबरांत सतीची चाल बंद करणारा सरकारी हुकूम भाषांतरासाठीं त्याच्याकडे आला तो रविवारीं. एका दिवसाचा उशीर म्हणजे कांहीं स्त्रियांचा जीव, हें जाणून त्यानें त्या दिवशींचा आपला उपदेश दुसऱ्यावर सोंपविला आणि पंडितासह बसून संध्याकाळपर्यंत भाषांतर पुरें केलें. तोपर्यंत तो मोठा विद्वान म्हणून गाजला होता. तरी एका मेजवानींत कोणा अधिकाऱ्यानें, हा पूर्वीं जोडे करणारा होता ना, असें त्याला ऐकूं जाईल असें विचारलें, तेव्हां त्यानें शांतपणें दुरुस्ती केली कीं, जोडे करणारा नव्हे, नुसते जुने जोडे सांधणारा.

हें सर्व त्या कुंडीपाशीं उभा असतां मला आठवत होतें, आणि त्याबरोबर एक चेहराही आठवत होता. तीस-पस्तीस वर्षांपूर्वींची गोष्ट. आठवींत मुलांना संस्कृत कीं हिंदी हें निवडावें लागे. माझा संस्कृतचा वर्ग चालू असतां एक मुलगा पुष्कळदां खिडकीबाहेर रेंगाळे. बाजारपेठेंत जोडे शिवणाऱ्या मोच्याचा तो मुलगा. एके दिवशीं शाळा सुटल्यावर तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “गुरुजी, मला संस्कृत घ्यायचंय.” मी रागावलों नाहीं. नियमानें त्याला अडविण्याचा मला अधिकारही नव्हता, आणि मीं त्याला अडविलेंही नाहीं. मीं नुसता हंसलों. म्हणालों, “अरे, तुला पुढें बापाच्या दुकानांत बसायचं. संस्कृत घेऊन काय करणार? हिंदी घे, मार्क मिळतील.” त्यानें मान डोलावली आणि तो गेला. नववीनंतर त्यानें शाळा सोडली.

त्यांत मला त्या वेळीं कांहींच वावगें वाटलें नाहीं; उलट आपण व्यवहाराचा सल्ला दिला असें वाटलें. त्याच वर्षीं मीं वर्गांत छांदोग्योपनिषदांतली सत्यकाम जाबालाची कथा मोठ्या रंगांत येऊन सांगितली होती. ज्याला आपलें गोत्र ठाऊक नाहीं, तो मुलगा गुरूपुढें खरें बोलतो, आणि त्या खरेपणासाठींच गुरु त्याला समिधा आणावयास सांगतो! ही कथा मी दरवर्षीं सांगे आणि दरवर्षीं माझा कंठ दाटून येई. सत्यकाम दाराशीं आला तेव्हां मात्र मीं त्याला मार्कांचा हिशेब सांगितला.

मोल्टनच्या त्या मंदिरांत माणसाला त्याच्या बापाचा धंदा कोणी विचारला नाहीं असें मी म्हणत नाहीं. त्या देशांतही उंच-नीच पुष्कळ होतें, आणि विद्यापीठांचीं दारें बंद होतींच. परंतु त्या लहानशा मंडळीनें मोच्याला उंच जागेवर उभें केलें आणि आपण खालीं बसून त्याचा उपदेश ऐकला. एवढ्याशा गोष्टींतून पुढें काय काय निघालें! ज्या मराठी भाषेंत मी हें लिहितों आहें, तिच्या छापील अक्षरांचा एक धागा त्या कुंडींतल्या पाण्यांतून आलेला आहे. संत रोहिदासांच्या चामड्याच्या कुंडींत गंगा प्रकट झाल्याची कथा आपण सांगतों. ती कथा आपण चमत्कार म्हणून ऐकतों आणि हात जोडून घरीं जातों. तिचा अर्थ समजावयास मला इतक्या दूर जावें लागलें, याची लाज वाटली.

परत आल्यावर पंधरा दिवस मी धीर करीत होतों. मग एके दिवशीं तुटलेल्या पट्ट्याची वहाण घेऊन बाजारपेठेंत गेलों. दुकान तेंच, भिंतीवर रोहिदासांची तसबीर, खालीं आरी, रापी आणि पाण्याची कुंडी. त्याच्याही केंसांत आतां पांढरें आलें आहे. त्यानें मला ओळखलें, बसावयास स्टूल दिलें, आणि वहाण हातांत घेतली. इकडचें तिकडचें झाल्यावर मीं विचारलें, “तुला आठवतं का रे, तूं एकदां मला संस्कृतचं विचारायला आला होतास?”

त्यानें दोरा ओढून गांठ मारली. मान वर न करतां म्हणाला, “आठवतं की, गुरुजी. त्या दिवसापासून मी तुमच्या खिडकीखालून जाणं सोडलं.”

मीं म्हटलें, “माझं चुकलं.”

तो कांहीं बोलला नाहीं. शेजारच्या पोराला त्यानें चहा सांगितला. चहा आला, आम्ही दोघांनीं घेतला. वहाण पुरी झाली तेव्हां मीं पैसे विचारले, आणि त्यानें वीस रुपये सांगितले. त्यानें ते घेतले याचें मला बरें वाटलें. नाहीं म्हणाला असता तर क्षमा विकत घेतल्यासारखें झालें असतें. निघतांना त्यानें विचारलें, “गुरुजी, नात पांचवींत आहे. अक्षर चांगलं आहे तिचं. तुम्ही अजून शिकवतां का?”

ती मुलगी आतां रविवारीं सकाळीं आमच्याकडे येते. सौभाग्यवती तिला आधीं पोहे खावयास घालतात, मग धडा सुरू होतो. पहिला धडा अर्थातच हितोपदेशांतला. परवां तिनें विचारलें, “आजोबा, हें पुस्तक पहिल्यांदा कोणी छापलं?” मीं पुस्तक मिटलें आणि तिला मोल्टनची गोष्ट सांगितली.